कार्यक्रमाचं पोस्टर, बॅनर, पत्रिका: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

मी गोव्यात, फोंड्याला डिझाईनचं काम करते. जत्रेचं नाटक, घुमट आरती स्पर्धा (घुमट म्हणजे हाताने वाजवायचं, चामडं लावलेलं मातीचं वाद्य), भजनी सप्ताह, शिगम्याचा म्हणजे आमच्या होळीचा रोमटामेळ (ढोल-ताशांची मिरवणूक), शाळेचं गॅदरिंग, मधेच एखादं लग्न. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात आणि बहुतेक रात्री साडेअकराला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. वरचे प्रश्न सोपे आहेत, खाली जाल तशी डोकेदुखी वाढत जाईल. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायचा मला कंटाळा, त्यामुळे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. आमचा कार्यक्रम वाड्यापुरताच आहे, पोस्टर खरंच लागतं का? ग्रुपवर मेसेज टाकला की झालं ना?

वाड्यावरचेच लोक यायला हवे असतील तर मेसेज पुरतो, उगाच पैसे घालवू नका. पण ग्रुपवरचा मेसेज तासाभरात पन्नास गुड मॉर्निंगखाली गाडला जातो, आणि चित्र लोक स्टेटसला ठेवतात, बहिणीला पाठवतात, ती डिचोलीहून येते. शेजारच्या गावातले दहा लोक जरी जास्त यावेत असं वाटत असेल तरी एक साधं पोस्टर कराच. छापायलाच हवं असं काही नाही.

२. पोस्टरवर नक्की काय काय लिहायचं?

काय आहे, कधी आहे, कुठे आहे, कोण करतंय, पैसे पडणार का आणि चौकशीला एक फोन नंबर. बस. एकच नंबर द्या, आणि ज्या माणसाचा द्याल त्याला आधी विचारा आणि तो फोन उचलणारा असू दे. मोफत असेल तर "प्रवेश विनामूल्य" लिहायला विसरू नका, लोक विचारायला लाजतात आणि न विचारता घरीच बसतात.

"सर्व रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी" ही ओळ मला प्रत्येक मजकुरात येते. तिला माझा विरोध नाही, पत्रिकेत ती शोभते. पोस्टरवर मात्र ती जी जागा खाते तेवढ्या जागेत नाटकाचं नाव दुप्पट मोठं होतं. नाटक बघायला येणारा नाटकाचं नाव वाचून येतो, शोभा वाढवायला कोणी येत नाही.

३. समितीतल्या सगळ्यांचे फोटो टाकायचेत, शिवाय आमदारांचा, सरपंचांचा आणि दोन स्पॉन्सरांचा. कसं बसवाल?

बसवते हो, चौदा फोटो पण बसवलेत मी. मग एकदा कुठल्याही तिठ्यावर जाऊन तो बॅनर बघा, पासपोर्ट फोटोंची रांग दिसते आणि मधे कुठेतरी बारीक अक्षरात "संगीत नाटक". बघणाऱ्याला वाटतं कोणाचा तरी वाढदिवस आहे.

मी सुचवते ते असं. लोकांना बोलावणारं पोस्टर वेगळं आणि आभाराचा बॅनर वेगळा. आभाराचा बॅनर मंडपात, स्टेजच्या बाजूला लावा, तिथे चौदा काय चाळीस फोटो टाका, लोक दोन तास तिथेच बसलेले असतात, निवांत बघतात आणि स्पॉन्सरलाही त्यातच जास्त फायदा. बाहेरच्या पोस्टरवर खाली एक पट्टी, तिच्यात लोगो. हे समितीला समजावणं माझं काम नाही, पण तुम्ही माझ्यावर ढकलू शकता, "डिझायनर ऐकत नाही" म्हणून सांगा, मला सवय आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, निवडणुकीची आचारसंहिता लागली की नेत्यांचे फोटो असलेले बॅनर झाकायला किंवा काढायला लावतात. निवडणूक जवळ असेल तर सगळा बॅनर त्या एका फोटोपायी फुकट जाऊ शकतो.

४. किती दिवस आधी सांगायचं तुम्हाला?

साध्या पोस्टरला मजकूर पक्का झाल्यापासून चार-पाच दिवस. "पक्का झाल्यापासून" हे परत वाचा. फोटो हातात नसतात, नाटकाचं नाव बदलणार असतं, प्रमुख पाहुणे अजून हो म्हणालेले नसतात आणि तरी "तुम्ही सुरू करा, मग बघू" असतं, त्याला काही अर्थ नाही.

लोकांपर्यंत पोचवायचं म्हणाल तर महिनाभर आधी फक्त तारीख आणि नाव असलेलं साधं चित्र, म्हणजे लोक तो दिवस मोकळा ठेवतील. पंधरा दिवस आधी पूर्ण पोस्टर. मग तीन दिवस आधी आणि त्याच दिवशी सकाळी आठवण. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचे दहा दिवस प्रेसवाल्यांकडे पाय ठेवायला जागा नसते, आरतीची पुस्तकं, स्मरणिका, नरकासुर स्पर्धेचे बॅनर, सगळं एकदम येतं. तेव्हा दुप्पट वेळ धरा.

५. साईझ कुठली घेऊ?

कुठे लावणार त्यावर. दुकानाच्या काचेवर, देवळाच्या नोटीस बोर्डावर ए३, म्हणजे २९७ × ४२० मिमी. त्याच्या अर्धा ए४ हातात वाटायला, दुप्पट ए२ हॉलच्या बाहेर. रस्त्यावरचा बॅनर फुटात, १० × ४ किंवा १० × ६ चालतो, दर चौरस फुटावर असतो त्यामुळे १० × ६ म्हणजे ६० चौरस फूट, हिशेब तुम्हीच करून बघा. इन्स्टाग्रामच्या पोस्टला १०८० × १३५० पिक्सेल, स्टोरीला आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला १०८० × १९२०.

आडवा बॅनर करून तोच स्टेटसला टाकू नका, मोबाईल उभा असतो, बॅनर मधे एक चिंचोळी पट्टी होऊन बसतो. आणि छापायच्या फाईलला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे रंग कागदाच्या कडेच्या बाहेरपर्यंत न्या, नाहीतर कापताना सुरी जराशी सरकली की पांढरी रेघ दिसते.

६. फोटो मोबाईलवर एकदम क्लिअर दिसतो, तुम्ही म्हणता चालत नाही. असं कसं?

मोबाईलची स्क्रीन तळहाताएवढी असते, त्यावर सगळंच क्लिअर दिसतं. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामवरून काढलेला फोटो १०८० पिक्सेल रुंद असेल तर तो नीट छापून येतो साडेतीन इंच, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. ए३ भरायला ३५०८ × ४९६१ पिक्सेल हवेत. फ्लेक्सला एवढं लागत नाही, ७२ ते १०० पुरतात कारण तो लांबून बघतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, साधा पाठवलात तर ते अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि तो लहान झालेला परत मोठा होत नाही. स्क्रीनशॉट तर पाठवूच नका. मागे एका नाटकाच्या नायिकेचा फोटो आला त्यात वर बॅटरी १४ टक्के दिसत होती.

आणि फोटो काढतानाच जरा काळजी घ्या ना. मेकअप करून, पोशाख घालून, सकाळी नऊच्या सुमाराला बाल्कनीत उभं करा, मागे साधी भिंत, फ्लॅश बंद. स्टुडिओची गरज नाही. गेल्या वर्षीचे स्टेजवरचे फोटो असतील तर त्यातला जवळून काढलेला, एकाच माणसाच्या चेहऱ्यावर भाव असलेला द्या. बारा पात्रं ओळीत उभी असलेला फोटो नको, तो हार घालतानाचा फोटो असतो.

७. स्क्रीनवर रंग झळझळीत होता, छापून आल्यावर मेलेला दिसतो. प्रिंटरने गंडवलं का?

बहुतेक नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा मिसळून. छपाई चार शाईंची, निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी. स्क्रीनवरचे काही रंग त्या शाईंतून निघतच नाहीत, पोपटी, नियॉन आणि गडद निळा हे जास्त करून, निळा तर जांभळाच होतो कधीकधी. म्हणून फाईल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगांत करायची, म्हणजे आधीच कळतं. शिगम्याच्या पोस्टरवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यायचं कारण गुलाल सगळ्यांना चमकणारा हवा असतो. आणि बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाईंत केली की जराशी हलली तरी अक्षराला रंगीत सावली येते.

८. मी मजकूर टाईप करून पाठवला, तुमच्याकडे चौकोन आणि भलतीच अक्षरं का दिसतात?

कारण तुम्ही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलंय. त्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचं कातडं. माझ्याकडे तो फॉन्ट नसेल तर कातडं गळून पडतं. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, म्हणजे मोबाईलवर तुम्ही रोज जे टाईप करता तेच. काही सुचत नसेल तर सरळ व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये टाईप करा, कागदावर लिहून फोटो मात्र नको, "धोंड" (लईराई देवीचे व्रत धरणारे भक्त) चं "घोंड" झालं की लईराईच्या जत्रेला मला तोंड दाखवायला नको.

स्वतः डिझाईन करणाऱ्यांसाठी: मुक्ता आणि बालू हे दोन्ही फुकट आहेत आणि मराठीला चांगले आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, इंग्रजीत ते छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. "दुसऱ्या", "तऱ्हा" असले शब्द मुद्दाम टाईप करून बघा, फॉन्ट कच्चा असेल तर तिथेच उघडा पडतो. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत का तेही बघा, कोणाला फरक पडत नाही म्हणतात, मला पडतो. आणि प्रेसला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाहीत अशी आकारांत बदलून, पीडीएफ द्या.

९. मराठीत करू, कोकणीत की इंग्रजीत?

कार्यक्रम ज्या भाषेत, पोस्टर त्या भाषेत. मराठी नाटकाला मराठी. कोकणी कार्यक्रमाला कोकणी, तियात्राचं (कोकणी संगीत नाटकाचं) असेल तर रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, कारण तो प्रेक्षक तसंच वाचतो. पर्यटक यावेत असं वाटत असेल तर इंग्रजीचं वेगळं चित्र करा, तेही फक्त मोबाईलवर, छापायला नको. एकाच पोस्टरवर तिन्ही भाषांत सगळं लिहिलं की कुठलीच भाषा वाचता येत नाही. फार तर नाव आणि ठिकाण दुसऱ्या भाषेत बारीक द्या.

बाकी मराठी की कोकणी हा वाद तुमच्या समितीत आधीच मिटवून या, माझ्या टेबलावर नको.

१०. बॅनर मोठा केला तरी रस्त्यावरून वाचता येत नाही, काय चुकतं?

बॅनर मोठा असतो, अक्षरं नसतात. साधा हिशेब सांगते. दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर, म्हणजे शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. आता स्कूटरवाला ताशी ४० किमीने येतोय, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, तो तीन सेकंदांच्या आत तुमच्या बॅनरपाशी पोचतो, त्यातही त्याला खड्डा बघायचा असतो. तीन सेकंदांत सहा-सात शब्द वाचून होतात. नाव, तारीख, गाव. बाकीचं लहान पोस्टरवर.

याच्या उलट फेरीबोटीचा धक्का. तिथे माणूस दहा-पंधरा मिनिटं उभा असतो, करायला काही नसतं, गाडीचं इंजिन बंद. तिथे ए३ लावा, कलाकारांची नावं, गाण्यांची यादी, काय हवं ते लिहा, तो सगळं वाचतो. बसस्टँड, दवाखान्याबाहेरचं बाकडं, सलून, तिथेही तसंच. जागा बघून मजकूर ठरवायचा, सगळीकडे एकच चालत नाही. लावायची परवानगी, ते प्रश्न १६ मध्ये.

११. पालखी झाल्यावर नाटक, म्हणजे रात्री साडेबारानंतर. तारीख कुठली लिहायची?

हा माझा आवडता प्रश्न. कॅलेंडरप्रमाणे साडेबाराला दुसरा दिवस उजाडलेला असतो, पण गावात कोणी असं म्हणत नाही, गावात ती शनिवारचीच रात्र. तुम्ही "रविवार, रात्री १२.३०" लिहिलंत तर अर्धे लोक रविवारी रात्री येतात. म्हणून असं लिहा: "शनिवारी रात्री, पालखीनंतर, साधारण १२.३० वाजता". वार आधी, रात्र हा शब्द हवाच, आणि पालखी हा खुणेचा दगड.

तिथी असेल तर तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही द्या. देवळाच्या वयस्कर मंडळींना तिथी कळते, मुंबईहून येणाऱ्या कुळाव्यांना (त्या देवाला मानणाऱ्या घराण्यांतल्या लोकांना) तिकीट तारखेवर काढायचं असतं.

आणि उघड्यावर लाऊडस्पीकर असेल तर आणखी एक भानगड आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. परवानगीच्या कागदावर जी वेळ आहे तीच पोस्टरवर छापा. नाहीतर "ऑर्केस्ट्रा रात्रभर" असा बॅनर लावून तुम्ही स्वतःविरुद्ध पुरावा स्वतःच्या खर्चाने छापताय.

१२. ठिकाण लिहिलंय की, "केरी येथे". अजून काय हवं?

कुठली केरी? सत्तरीत आहे, पेडण्यात आहे, आमच्या फोंडा तालुक्यातही आहे. पेडण्याच्या केरीला निघालेला माणूस सत्तरीच्या केरीला पोचला तर त्याचं नाटक संपलेलं असतं. तालुका लिहाच. "देवळाजवळ" पुरत नाही, गावात पाच देवळं असतात, देवाचं नाव लिहा. मांडावर, म्हणजे गावाच्या कार्यक्रमांच्या ठरलेल्या जागी, कार्यक्रम असेल तर बाहेरच्याला मांड कुठला ते माहीत नसतं, जवळची शाळा किंवा बसथांबा सांगा. शेवटची बस केव्हा हे लिहिलंत तर वयस्कर लोक आशीर्वाद देतील.

१३. क्यूआर कोड टाकायचा का?

तिकीट किंवा लोकेशनसाठी टाका, शोभेला नको. ज्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा तो असावा, एक मीटरवरून तर १० सेमी. भोवती पांढरी मोकळी जागा सोडा. रस्त्यावरच्या बॅनरवर तो टाकूच नका, गाडी चालवता चालवता कोण स्कॅन करणार.

फुकटच्या साईटवरून क्यूआर काढणाऱ्यांनो, काही साईटी तुमची लिंक त्यांच्यामार्फत फिरवतात आणि ट्रायलचे दिवस संपले की कोड मरतो. पोस्टर भिंतीवर जिवंत आणि कोड मेलेला. लिंक थेट आत असलेला, स्टॅटिक कोड घ्या, आणि छापलेल्या प्रूफवरून (तपासायच्या नमुन्यावरून) दोन वेगळ्या फोनांनी स्कॅन करून बघा.

१४. गूगलवरून फोटो घेतला तर कोणाला कळणार?

ज्याने काढलाय त्याला कळतं, गोवा केवढासा. कॉपीराईट कायदा १९५७ पासून आहे आणि गूगल हे फोटोंचं दुकान नाही, तिथे दिसणारा फोटो कोणाचातरी असतो. गावातल्याच फोटोग्राफरला फोन करा, नाव टाकतो म्हणून सांगा, बरेचदा खुशीने देतात. माशेलच्या चिखलकाल्याचा एक चांगला फोटो, चिखलाने माखलेला एक पोर आणि त्याचे पांढरे दात, एवढ्यावर अख्खं पोस्टर उभं राहतं, वर फक्त तारीख टाकायची. अर्थात पोराच्या आईबापांना विचारून.

देवाच्या फोटोचं वेगळं आहे. बऱ्याच देवळांत गाभाऱ्याचा फोटो काढायला बंदी असते, देवस्थान समितीला विचारा. आणि विचारून मिळाला तरी वाटायच्या कागदावर तो नकोच असं माझं मत, ते कागद जत्रेत पायाखाली येतात, खाजं गुंडाळायला वापरतात. दीपस्तंभ, समई, देवळाचं शिखर, एवढ्यानेही कळतं.

१५. एआयने फुकटात पोस्टर करून मिळतं, मग तुम्ही कशाला?

करा की. मीपण बॅकग्राऊंडला वापरते कधीकधी. पण मागच्या महिन्यात घुमट आरती स्पर्धेसाठी एकांनी करून आणलं, त्यात घुमट म्हणजे पाण्याचा माठ होता, वाजवणारा त्यावर काठीने मारत होता आणि खाली "घूमट आर्तिी" लिहिलेलं. घुमट वाजवणाऱ्या माणसांनी ते बघितलं असतं तर स्पर्धेला कोणी नाव दिलं नसतं. चित्र घ्यायचं तर घ्या, अक्षरं स्वतः टाईप करा (प्रश्न ८), आणि ज्याला त्या कलेतलं कळतं अशा एकाला दाखवा. खऱ्या कलाकाराचा चेहरा एआयने "सुंदर" करून टाकू नका, रंगमंचावर येतो तो वेगळाच माणूस दिसतो.

१६. फ्लेक्स चालतो का आता? बंदी आहे ना?

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. म्हणजे जाडी विचारून घ्या, प्रेसवाल्याला माहीत असतं. कापडी बॅनर महाग पडतो पण घडी करून ठेवता येतो, दरवर्षी वापरता येतो, त्यावर तारखेची पट्टी वेगळी लावायची.

परवानगीचं म्हणाल तर पंचायत किंवा नगरपालिकेला आधी विचारा, कोणाच्या भिंतीवर लावणार असाल तर त्या मालकालाही, आणि विजेच्या खांबावर लावूच नका. वळणावर, सिग्नलसमोर, रस्त्याची पाटी झाकेल असाही नको. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी काढा. आमच्याकडे तो तसाही वाया जात नाही, पावसाच्या आधी लाकडांवर झाकायला नेतात. माझ्या शेजाऱ्यांच्या गोठ्यावर तीन वर्षांपूर्वीच्या भजन स्पर्धेचे परीक्षक अजून हसतायत.

१७. पत्रिकेत नावांचा क्रम कसा लावायचा?

मला विचारू नका. खरंच नको. अध्यक्ष आधी की उद्घाटक, कोणाला "मा." आणि कोणाला "श्री.", सौ. की श्रीमती, हे समितीने कागदावर लिहून, सही करून द्यायचं. माझं एवढंच म्हणणं, ज्यांचं नाव छापताय त्यांनी हो म्हटलंय ना ते फोन करून विचारा.

१८. छापून झालं आणि चूक निघाली, पैसे कोणी भरायचे?

प्रूफ तुम्ही "ओके" म्हणून पाठवलंत तर तुम्ही, ओके केल्यावर आमच्याकडून काही हललं तर आम्ही. म्हणून ओके लेखी द्या, नुसता अंगठा नको, काय बघून ओके केलं ते लिहा.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. एका नाटकाच्या पोस्टरवर तारीख बरोबर टाकली आणि वार टाकला शुक्रवार, होता शनिवार. पाच जणांनी प्रूफ बघितलं, मी धरून, सगळ्यांनी आपापलं नाव तपासलं. चाळीस पोस्टरं लागली. शुक्रवारी संध्याकाळी मी सहज तिथून जात होते तर एक आजोबा घडीची खुर्ची आणि टॉर्च घेऊन मंडपात बसलेले, समोर माणसं अजून बांबू बांधत होती. त्यांना स्कूटरवरून घरी सोडून आले, ते वाटेत म्हणाले, "बाय, माझंच चुकलं असेल." तेव्हापासून मी कालनिर्णय टेबलावर उघडा ठेवते आणि वार बोट ठेवून बघते.

तपासताना मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं दुसऱ्याने मूळ कागद बघायचा. फोन नंबर वाचू नका, लावून बघा.

१९. पाऊस आला, कार्यक्रम पुढे गेला, आता पोस्टरांचं काय?

छापलेल्यांवर नव्या तारखेची पट्टी चिकटवा, ठळक रंगाची, जुनी तारीख पूर्ण झाकणारी. मोबाईलवरच्यासाठी नवीन चित्र करा, ते जुन्यासारखंच दिसू दे पण वर आडवी लाल पट्टी "तारीख बदलली". जुनं चित्र लोक फॉरवर्ड करत राहतात, ते थांबवता येत नाही, म्हणून नव्यात जुनी तारीखही लिहा आणि तिच्यावर फुली मारा. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही करणार असाल तर पहिल्याच पोस्टरवर "पाऊस आल्यास सभागृहात" आणि सभागृहाचं नाव टाकून मोकळे व्हा.

२०. बजेट फारच कमी आहे, कशावर खर्च करू?

फोटोवर. मग वीस ए३ पोस्टरं, डिजिटल प्रिंटवर, आणि ती बरोबर वीस जागी (प्रश्न १० मधल्या). ऑफसेट छपाईला प्रत्येक शाईची एक अशा चार प्लेटांचा खर्च आधीच पडतो, त्यामुळे शेकड्यांनी छापायचं असेल तरच ते परवडतं. वीस-पन्नासला डिजिटल बरं. रोषणाईवाला फ्लेक्स, कमान, स्टँडी हे सगळं नंतर.

२१. पेपरात बातमी यायला काय करायचं?

पोस्टरचा फोटो पाठवून येत नाही. दहा-बारा ओळींची बातमी युनिकोडमध्ये, आठवडाभर आधी, सोबत एक फोटो वेगळा जोडून, खाली फोटोतल्या लोकांची नावं डावीकडून उजवीकडे. पहिल्या वाक्यात काय, कधी, कुठे. "दरवर्षीप्रमाणे यंदाही" ने सुरुवात केली की ती बातमी शेजारच्या दहा बातम्यांसारखीच दिसते.

२२. दरवर्षी तेच डिझाईन ठेवू की नवीन करू? आणि ओपन फाईल द्याल का?

एक गोष्ट कायम ठेवा, बाकी बदला. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो, दर वर्षी पोस्टर वेगळं पण मोर दिसला की लांबूनच कळतं. तुमच्याकडे मोर नसेल, पण देवळाचा दीपस्तंभ असेल, मंडळाच्या नावाचं ठराविक वळण असेल, ठराविक एक रंग असेल. तो पाच वर्षं धरून ठेवा, मंडळाचा अध्यक्ष बदलला तरी.

ओपन फाईल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ फाईल, आधी ठरलं असेल तर देते, तिचे पैसे वेगळे. फक्त पुढच्या वर्षी भाच्याने त्यात तारीख बदलताना वारही बदलला ना, ते बघा.